नवव्या मजल्याच्या वरचं बिऱ्हाड

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत अशी बातमी होती की, वरखाली भाऊजींनी गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत बाई ठेवली आहे. पुरावे भक्कम होते. भाऊजी सकाळी कामावर जाण्याआधी एक छोटा डबा घेऊन वर जायचे, दुपारी दुसरा डबा घेऊन पुन्हा वर, आणि उतरताना शीळ घालत यायचे. लग्नाला एकतीस वर्षं झालेला माणूस शीळ घालत घरी येतो तेव्हा काहीतरी घडलेलं असतं, घरात किंवा घराबाहेर. घरात काही घडलेलं नाही याची हमी मी द्यायला तयार होते, कारण त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या मध्ये चार इंचांची एकच भिंत आहे आणि तिच्या या बाजूला मी असते.

बातमी कुणी पसरवली ते विचारू नका. तिसऱ्या मजल्यावर एक बाई गाणं शिकवतात, त्यांना मी फक्त म्हटलं होतं की, दोन-दोन डबे एकटा माणूस खातो का हो. पुढचं काम त्यांच्या शिष्यांनी केलं. संध्याकाळी बातमी माझ्याकडे परत आली तेव्हा त्या बाईला घारे डोळे फुटले होते आणि ती मूळची विमानात काम करणारी होती.

खरं सांगायचं तर वर बाई होती. पाव किलोसुद्धा वजन नसलेली, तांबूस रंगाची, अंगभर काळे ठिपके असलेली. तिचा नवराही तिथेच राहायचा, त्यामुळे लफड्याला जागाच नव्हती. आणि डब्यात उंदीर असायचे.

भाऊजी आमचे सख्खे शेजारी, तळमजल्यावर दाराला दार. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं नोकरी. शहराच्या आमच्या भागातल्या बत्तीस लिफ्ट त्यांच्याकडे, आमचीही त्यातच. दिवसभर वर जायचं, खाली यायचं, म्हणून वरखाली. हे नाव त्यांना त्यांच्या बायकोनेच दिलं असं म्हणतात. ती घरी बसून दवाखान्यांचे हिरवे झगे शिवते आणि तिचं शिलाई मशीन बंद पडलं की मला भिंतीपलीकडून चुकल्यासारखं होतं. मला ती ताई म्हणते, कारण मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे आणि हे ती मला विसरू देत नाही.

भाऊजींना बोलायची हौस नाही. यंत्र बिघडलं की लांब पेचकसाचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. बायको म्हणते, माझं कधी इतकं ऐकलं असतं तर मी देवी झाले असते. बोलले तर एकच वाक्य, पण ते घरी नेऊन बघावं लागतं कुठे लागलंय ते. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष एकदा नवं कपाट आणि चार हमाल घेऊन सहा माणसांच्या लिफ्टमध्ये शिरले आणि चाळीस मिनिटं अडकले. बाहेर आल्यावर तावातावाने म्हणाले की, तुमच्या लिफ्टचा भरवसा राहिला नाही. भाऊजी हात पुसत म्हणाले, "अडकली नाही ती. नाही म्हणाली."

तर बातमी माझ्या गळ्याशी आली, कारण शेजारणीच्या कानावर गेली. ती चिडली नाही. दोरा दाताने तोडत मला म्हणाली, "ताई, तुम्हीच बघून या एकदा, म्हणजे सगळ्यांना नीट सांगता येईल." मी गेले. चौकशीला नाही, सदिच्छा भेटीला.

लिफ्टची खोली म्हणजे गच्चीवर चढवलेलं एक सिमेंटचं खोकं. बाहेरून लोखंडी शिडी, आत गुडघ्याएवढी मोटर, दोरखंड गुंडाळणारं काळं चाक, आणि भिंतीवर एक विजेचं कपाट ज्याच्यात कुणीतरी सारखं चुटक्या वाजवतंय असं वाटतं. पलीकडच्या भिंतीत हवेसाठी दोन वितींचं चौकोनी भोक होतं. जुनी जाळी गंजून गेलेली. भोकाला आतून हिरव्या कापडाचा पडदा होता, दवाखान्याच्या झग्याच्या कापडाचा. म्हणजे शेजारणीला सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि तिने मला नऊ मजले वर पाठवून माझी जिरवली होती.

भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि पडद्याचा कोपरा वर केला. भोकाच्या तळाशी, धुळीवरच, ती बसली होती. पिवळ्या कडांचे मोठे काळे डोळे. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की बातमी कुणी पसरवली ते तिला कळलेलं आहे. मी नजर काढून घेतली.

"पाच अंडी आहेत," भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले. तीस वर्षांत ते माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते, आणि खरं सांगते, खाली बायका जे बोलत होत्या त्याला तेवढ्यापुरता आधार मिळाला असता.

त्या जातीला पुस्तकात खरूची म्हणतात. ससाण्यातला धाकटा भाऊबंद. हवेत एका जागी लटकून राहते, पंख थरथरत, खाली गवतात काही हललं की दगडासारखी पडते. हे मी शिकले एका पक्षीवाल्या बाईंकडून. त्या कॉलेजात शिकवत आणि दरवर्षी शहरभर फिरून अशी घरटी मोजत. त्यांची आणि भाऊजींची ओळख चार वर्षांची, आणि त्या चार वर्षांची गोष्ट मला शेजारणीने भिंतीअलीकडे येऊन सांगितली.

पहिल्या वर्षी चार पिल्लं निघाली. भाऊजींना मोटरचा आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून ते वर गेले, तर तो पिल्लांचा होता. पंधरा दिवसांत एकेक करून वाळली. थोरल्याने धाकट्यांना खाल्लं आणि मग थोरलाही गेला. दुसऱ्या वर्षी ऊन इतकं होतं, त्यात मोटरची धग, की पिल्लांनी पंख फुटायच्या आत भोकातून बाहेर उड्या टाकल्या. तेव्हा तो हिरवा पडदा आला, पण उशिरा. तिसऱ्या वर्षी एक पिल्लू पूर्ण वाढलं. कठड्यावर बसून दोन दिवस पंख झाडत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी उडालं आणि सरळ समोरच्या कचेरीच्या काचेत गेलं. चौदा मजले काच, तिच्यात आकाश दिसतं. भाऊजी रस्ता ओलांडून ते घेऊन आले. शेजारीण म्हणाली की, त्या दिवशी त्यांनी एकाच लिफ्टचं दार दोनदा सोडून दोनदा बसवलं.

तीन वर्षांत त्या भोकातून एकही पिल्लू जगून बाहेर पडलं नाही. आणि हे चौथं वर्ष शेवटचं होतं. सोसायटीने नवी लिफ्ट घ्यायची ठरवली होती. नव्या लिफ्टची मोटर उशीएवढी, ती लिफ्ट ज्यातून वरखाली जाते त्या बोगद्यातच बसते, तिला खोली लागत नाही. उन्हाळा संपला की जुनी खोली पाडून तिथे पाण्याची टाकी. भाऊजींचं निवृत्त होणंही त्याच महिन्यात.

म्हणून भाऊजींच्या डोक्यात एकच होतं. एक पिल्लू. खोली पडायच्या आत त्या भोकातून एक पिल्लू उडून गेलेलं बघायचं. ते असं कधी म्हणाले नाहीत, पण बायको म्हणाली आणि ते तिथेच बसलेले असून गप्प राहिले, म्हणजे खरं.

पक्षीवाल्या बाईंना मी विचारलं की, इथे जमत नाही तर ही येतात कशाला. मला वाटलं, माणसांसारखंच असेल, हौस. त्या म्हणाल्या की, त्यांना आपली शहरं कड्यांसारखी दिसतात. उंच भिंत, तिच्यात भोकं, खाली वाऱ्याला वाट. घरट्याला याहून चांगली जागा नाही, म्हणून शहराच्या मध्यावर जोड्याच जोड्या. ऊब असते, अंडीही लवकर घालतात. फक्त खाणं नसतं. गावाबाहेरच्या माळावर उंदीर मिळतात, तिथल्या घरट्यांतून चार-चार पिल्लं उडतात. इथे चिमण्या, पाकोळ्या, एखादं कबुतराचं पिल्लू. ते पकडायला दम लागतो. नर बिचारा उंदरासाठी शहराबाहेर जातो आणि येईपर्यंत पिल्लांचे आवाज कमी झालेले असतात. बाईंच्या वहीत आमच्या भागासमोर शून्यच शून्य होती.

मला आमच्या चुलतभावाची आठवण झाली, शहराच्या ऐन मध्यावर खोली मिळाली म्हणून पेढ्यांसारखी पत्रं वाटत सुटला होता. पण ते असो.

उंदीर म्हटल्यावर भाऊजी हसले असं म्हणतात. कारण शहरात उंदीर कुठे आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. अंधार, ओल, वरून पडलेला खाऊ. तिथे उंदीर होतात आणि लिफ्टच्या तारा कुरतडतात. भाऊजी वीस वर्षं प्रत्येक खड्ड्यात विषाच्या निळ्या वड्या ठेवत आले होते. मला त्यांनी एकदा समजावलं होतं की, ते विष मुद्दाम मंद केलेलं असतं. उंदीर खातो, चार-पाच दिवस फिरतो, आणि मग आतल्या आत रक्त जाऊन मरतो. लगेच मेला तर बाकीचे हुशार होतात आणि वडीला तोंड लावत नाहीत.

तेव्हा थंडीत जोडी परत आली त्याच दिवशी भाऊजींनी बत्तीस खड्ड्यांतल्या वड्या उचलल्या आणि पिंजरे लावले. पक्षीवाल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं की, माझं ऐकाल तर खाऊ घालू नका, पण ऐकणार नसाल तर उंदरांतलं विष संपायला निदान दोन महिने थांबा. भाऊजी दोन महिने आणि वर आठवडा थांबले. पकडलेले उंदीर या काळात लांब नेऊन पुरले. मग लहान लहान निवडून, मारून, डब्यात घालून वर न्यायला लागले. सकाळी एक डबा, दुपारी एक. भोकाच्या बाहेरच्या कडेवर ठेवायचे आणि मागे सरायचे. पहिले चार दिवस नराने तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी उचलून तिला दिला. शीळ त्या दिवसापासूनची.

अंडी फुटायची वेळ आली तेव्हा भाऊजींनी लिफ्टवर पाटी लावली: देखभालीसाठी बंद. तीन दिवस. कसली देखभाल ते कुणी विचारलं नाही, कारण विचारायला श्वास उरत नव्हता. आठव्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश प्रत्येक मजल्यावर थांबून एकेक शिवी आठवत वर जायचे. मला खरं कारण ठाऊक होतं आणि मी तीन दिवस ते पोटात ठेवलं. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब मुदत आहे.

पाचांतली चार फुटली. पांढरी, कापसाची, डोकं मोठं आणि अक्कल नाही. मी जवळजवळ रोज वर जायला लागले. शेजारीण आपलं शिवण घेऊन यायची. भाऊजी शिडीवर बसायचे. आम्ही तिघं गच्चीवर चहा घेत बसायचो आणि दोघी त्यांना छळायचो की, आजोबा झालात, जरा टोपी-बिपी घाला. पिल्लं रोज वाढत होती. दहाव्या दिवशी धाकटंही थोरल्याएवढं झालं. भाऊजींनी ते बघितलं आणि बायकोच्या हातातला चहा स्वतः पिऊन टाकला.

आता माझं सांगते. पुढे न सांगता जाता येत नाही.

वड्या उचलल्या, नुसते पिंजरे राहिले, तेव्हा तळमजल्यावर उंदीर वाढले. कारण मला माहीत होतं आणि मी सोसत होते. पण एक दिवस मी पिठाचा डबा उघडला आणि त्यातून एक उडी मारून माझ्या खांद्यावरून गेला. मी सोसायटीच्या सभेत उभी राहिले. माझं बोलणं तुम्हाला माहीत आहे, मी उंदराचा बिबट्या केला. भाऊजी सभेला नव्हते, ते कधीच नसतात. अध्यक्ष म्हणाले, माणूस बोलावू. मी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी माणूस आला आणि मीटरच्या खोलीत, कचऱ्याच्या छपरीत आणि जिन्याखाली वड्या ठेवून गेला. सूचना फलकावर कागदही लावला: लहान मुलांना दूर ठेवा.

मला वाटलं होतं की, कागद आहे, भाऊजी वाचतील. आमच्या इमारतीत एरवी सूचना फलकावर कागद लावणारे एक भाऊजीच. आणि जो कागद लावतो तो कागद वाचत नाही, हे मला सुचलं नाही. सांगायचं माझ्या मनात दोनदा आलं. एकदा त्यांच्याकडे पाहुणे होते. एकदा मीच म्हटलं, खड्ड्यात थोडंच ठेवलंय, खड्डा वेगळा, जिना वेगळा. जणू उंदीर पत्ता विचारून चालतो.

त्या आठवड्यात शेजारीण हसत हसत सांगत आली की, आज तर भर दुपारी आपल्याच खड्ड्यातल्या पिंजऱ्यात तीन मिळाले. एरवी दोन-दोन दिवस वाट बघायला लागते. नशीब उघडलं म्हणाली. पिल्लांची भूक वाढली होती, बाकीच्या इमारतींत जाऊन यायला वेळ लागायचा, आणि इथे घरबसल्या मिळत होते. मीही म्हटलं, बरं झालं.

पिल्लं अठरा दिवसांची होती. कापसातून तांबूस पिसं डोकावायला लागली होती.

भाऊजी सकाळी वर गेले तेव्हा मादी भोकात नव्हती. गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळाशी, जमिनीवर बसली होती. ते जवळ गेले तरी उडाली नाही. त्यांनी तिला उचललं. चार वर्षांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. चोचीच्या कडेला रक्ताचा थेंब होता, तो त्यांनी बोटाने पुसला, तर परत आला. मी आणि शेजारीण वर पोचेपर्यंत ती त्यांच्या ओंजळीत गेली होती. त्यांनी तिचे पंख मिटून नीट केले आणि मला विचारलं की, समोरच्या काचेवर आपटली असेल का. मी म्हटलं, असेल. खरंच तसं वाटलं मला. दुपारपर्यंत वाटत होतं.

दुपारी थोरलं पिल्लू गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन. पिल्लं तर काचेवर आपटली नव्हती.

पक्षीवाल्या बाई धावत आल्या. त्यांनी मादीचा पंख उचलून खालची कातडी बघितली, निळी-काळी झालेली. मग भाऊजींना सावकाश विचारलं, "इथे कुठे निळ्या वड्या आहेत का?"

भाऊजी म्हणाले, "नाहीत. मी सगळ्या उचलल्यात. बत्तीसच्या बत्तीस. तुमच्यासमोर मोजल्या होत्या."

मी तिथेच होते, हातभरावर. इमारतीत कोण कुठल्या मजल्यावर काय बोललं ते अर्ध्या तासात सांगणारी मी, माझी जीभ टाळूला चिकटली. मला इतकंच आठवतं की, शेजारीण तेव्हा हिरव्या पडद्याची सुटलेली शिवण हाताने दाबत होती, जणू ते आत्ता नीट करणं महत्त्वाचं होतं.

चौथं पिल्लू बाई घेऊन गेल्या, औषध देऊन बघते म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. भाऊजींनी फोन ठेवला आणि कामावर गेले. दोन इमारतींच्या लिफ्ट बिघडल्या होत्या.

नर राहिला होता. त्याने बहुतेक त्या आठवड्यात स्वतः फारसं खाल्लं नसावं, सगळं तिला आणि पिल्लांना दिलं असावं. तो पुढे पाच दिवस येत होता. एक चिमणी, एकदा पाल, एकदा कुठून तरी लांबून आणलेला उंदीर. भोकाच्या कडेवर ठेवायचा, आत बघून आवाज द्यायचा, परत बाहेर बघायचा. कडेवर सगळं साचत गेलं. सहाव्या दिवशी तो आला नाही. भाऊजींनी ते साचलेलं गोळा करून खाली आणलं आणि बागेत पुरलं. अध्यक्षांनी विचारलं की, बागेत काय पुरताय, वास येईल, तर भाऊजींनी एकही शब्द उलट टाकला नाही. तेव्हा अध्यक्षसुद्धा घाबरले.

प्रयोगशाळेचं पत्र महिन्याने आलं. पक्षीवाल्या बाईंनी ते भाऊजींच्या घरी बसून वाचून दाखवलं. मी भिंतीच्या माझ्या बाजूला होते. मादीच्या आणि दोन पिल्लांच्या काळजात तेच विष, उंदरांचं. बाई गेल्यावर मशीन सुरू झालं नाही. मग शेजारणीचा आवाज, की तुम्ही तर दोन महिने थांबला होतात ना.

त्यानंतर ते घरात जेवत होते, झोपत होते, पेपर वाचत होते. पण शेजारीण म्हणाली, ताई, हे आता पेचकस कानाला लावत नाहीत हो. नुसतं बघून दुरुस्त करतात. कुठल्या तरी एका खड्ड्यात वडीचा तुकडा आपल्याकडूनच राहिला असणार, असं त्यांनी धरलं होतं. सुटीच्या दिवशी विजेरी घेऊन बत्तीसच्या बत्तीस खड्डे परत उतरून बघून आले. ओणवे होऊन, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तुकडा सापडला नाही. मग म्हणाले, उंदराने ओढून नेला असेल.

आणि मी सांगत नव्हते. आज सांगू, उद्या सांगू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. मी त्या दिवसांत शेजारणीकडे साधी चहापत्ती मागायला गेले नाही. तिला वाटलं, मी त्यांच्या दुःखाला कंटाळले. तिने मला तसं विचारलंही. नाही गं म्हटलं आणि डोकं दुखतंय म्हणून दार लावलं. एकदा तर सभेच्या वहीतलं ते पान फाडावं असंही मनात आलं. फाडलं नाही, वही अध्यक्षांच्या कपाटात होती.

खोली पाडायला माणसं आली त्या दिवशी वरून घणांचा आवाज तळमजल्यापर्यंत येत होता. लिफ्ट बंद. भाऊजींनी तिथे थांबायची गरज नव्हती, निवृत्तीला चार दिवस होते, पण ते सकाळपासून वर गेलेले. मी थर्मास घेऊन नऊ मजले चढले. चढताना कुणाशी बोलले नाही. गाणंवाल्या बाईंनी दार उघडून काय झालं विचारलं तरी.

भाऊजी गच्चीच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. पलीकडे भोकाची भिंत पडून गेली होती, आतलं काळं चाक उघडं पडलं होतं. हिरवा पडदा त्यांनी काढून घडी करून मांडीवर ठेवला होता. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले, चहा ओतला आणि सगळं सांगितलं. पिठाचा डबा, सभा, टाळ्या, जिन्याखालच्या वड्या, फलकावरचा कागद. त्या दिवशी बाईंनी विचारलं तेव्हा गप्प बसले तेही. मध्ये घण थांबले की मीही थांबायची, मग परत सुरू.

मला वाटलं होतं ते उठून जातील. किंवा बोलतील काहीतरी एक, जन्मभर पुरेल असं. त्यांनी चहा संपवला. मग हळूहळू, माझ्याकडे न बघता सांगायला लागले की, भर दुपारी पिंजऱ्यात सापडलेले ते तीन उंदीर हातात घेतले तेव्हा चावायलाही आले नव्हते. सुस्त होते, अंग फुगवून बसलेले. असे उंदीर त्यांनी वीस वर्षं बघितले होते, रोज बघितले होते, आणि ते कशाने तसे होतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण पिल्लं ओरडत होती आणि उंदीर आयते मिळाले होते.

मी म्हटलं, भाऊजी, तसं नका धरू, अर्धं तरी माझ्या नावावर टाका.

त्यांनी पेला उपडा करून पायरीवर ठेवला.

"अर्धं कसं देऊ? तुम्ही उंदरांना घातलंत, वहिनी. तिला मी वाढलं."